ताईंची पळी

आमच्या तळेघरच्या अंगणवाडीतल्या ताईंना गप्प बसलेलं पोर खपत नाही. खिचडी वाढताना त्या प्रत्येकाला काहीबाही विचारतात आणि उत्तर येईपर्यंत पळी तशीच हवेत धरतात. माझ्या तीन वर्षांच्या मुलीपुढं ती पळी रोज ताटकळायची.

"हिचे कान तपासून घ्या," असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा मी तडकलो. "आवाज झाला की वळती की ती! आमच्यात बोलायला उशीरच व्हतो."

ताईंनी आवाज चढवला नाही. मला मुलीसमोर बसवलं. "भाऊ, तुम्ही वळता, ते बघून ती वळती. आता डोळं मिटा आन् हलू नका."

मी डोळे मिटले. माझ्याच छातीची धडधड मला ऐकू येत होती. मग मुलीच्या पाठीमागं ताटावर पळी अशी आदळली, की मी दचकून डोळे उघडले.

सगळी पोरं ताईंकडं वळली होती. माझी मुलगी माझ्याकडं बघून हसत होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं मंचरला दवाखान्यात जाऊ," ताट खाली ठेवत ताई म्हणाल्या. "मीबी येते."

मुलीला हा खेळ आवडला होता. तिनं हात पुढं करून माझे डोळे पुन्हा मिटले.