राजाला अरे म्हणायचं की अहो

राजाला अरे म्हणायचं की अहो म्हणायचं, या एका प्रश्नावरून आमचा विसा जायची वेळ आली होती. गोष्ट नव्वदीतली. आम्ही दुबईजवळच्या अजमानला राहायचो. आमचे हे दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये परचेस बघायचे, आणि मी घरी बसून स्वतःला लेखिका समजायचे.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक बसवायचं ठरलं तेव्हा मीच हात वर केला. लढाई हरलेला राजा जीव वाचवत पळतो आणि एका गरीब कुणब्याच्या झोपडीत आसरा घेतो, अशी गोष्ट. राजा कुठला, कोणाशी हरला, यातलं काही मी लिहिलं नव्हतं. वर 'मध्ययुग' एवढंच लिहिलं होतं, कारण त्याहून जास्त मला माहीत नव्हतं. कुणबीण अर्थात मी. जन्म ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर, गोठा पाहिलेला फक्त कॅलेंडरवर. पण काळ्या आईला उद्देशून मी स्वतःसाठी दीड पानाचं भाषण लिहून घेतलं होतं. तालमीत ते डोळे मिटून म्हणायचे. डोळे उघडले की अर्धी मंडळी चहाला गेलेली असायची.

नाटकाचा जीव मात्र त्या भाषणात नव्हता, एका हाकेत होता. शत्रूचे शिपाई राजाला शोधत झोपडीत शिरतात. राजा कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडलेला. कुणबीण त्याला केरसुणीनं ढोसते आणि म्हणते, "अरे ए ऐतखाऊ, ऊठ. गोठा काय तुझा बाप झाडणार?" शिपायांना वाटतं, हा घरचा सालगडी. ते निघून जातात. राजा वाचतो तो या अरेमुळे वाचतो.

राजाचं काम यांच्या साहेबांकडे होतं. हॉल, माइक, जेवण, सगळा खर्च त्यांचा, मग राजा दुसरा कोण होणार? माणूस देखणा, आवाज खणखणीत. राज्य गेलं तरी गळ्यातली मोत्यांची माळ काढायला तयार नव्हते. अजमानमध्ये घोंगडी कुठली मिळायला? आमच्या पलंगावरचं वाघाच्या चित्राचं जाड ब्लँकेट उलटं करून त्यांना पांघरायला दिलं होतं. माझी पाठ फिरली की ते वाघ वर करून घ्यायचे.

पहिल्या तालमींना साहेब 'ऐतखाऊ'वर मनापासून हसले. मग मंडळानं ठरवलं की मागच्या खुर्च्या वर्कशॉपच्या कामगारांना द्यायच्या, ते राहायचे त्या कॅम्पवरून त्यांना बसनं आणायचं. त्या दिवसापासून साहेबांचं हसणं बंद झालं. मला काही बोलले नाहीत. यांना बोलले.

तालमीहून परतताना शारजाच्या सिग्नलला गाडी अडकली, तेव्हा यांनी विषय काढला. साहेबांचं म्हणणं, शब्द बदला. वर्कशॉपची माणसं समोर बसणार, त्यांच्यादेखत एक बाई आपल्याला अरे-तुरे करणार, मग उद्या त्यांना काम कसं सांगायचं? साहेब त्यांना दिवसभर अरे-तुरेच करायचे, त्याचं काय, असं मी विचारलं. हे म्हणाले, तो वेगळा विषय आहे.

"अहो म्हटलंस तर काय बिघडतं? मला म्हणतेसच की."

"तुम्हाला पकडायला शिपाई येत नाहीत."

हे हसले नाहीत. विसा पुढच्या महिन्यात संपत होता आणि नव्या कागदांवर साहेबांची सही व्हायची होती. सही नाही झाली तर सामान बांधायचं, मुलीची शाळा सोडवायची आणि परत ठाणं. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, जस्ट से अहो. खलास."

मी हो म्हटलं. मी इतक्या गोड आवाजात हो म्हटलं की काळजी करायची असते, हे यांना तोवर कळायला हवं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचं एक मुसलमान कुटुंब होतं. त्यातले भाई माझ्या नाटकात शिपायांचे सरदार होते. त्यांचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान, म्हणजे त्यांचा विसा कोणा साहेबाच्या सहीवर लटकलेला नव्हता. मी त्यांच्या बायकोकडे माशांचा वाटा द्यायच्या निमित्तानं गेले आणि सहज विचारलं, भाई, त्या प्रवेशात मी गड्याला अहो म्हटलं तर तुम्ही काय कराल?

भाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "सालगड्याला अहो? मंग त्योच राजा. धरीन त्याला."

"नाटकात तसं लिहिलेलं नाही."

"तुमी निस्तं अहो बोला, वहिनी. फुडचा मी बगतो."

प्रयोगाच्या शुक्रवारी हॉल गच्च भरला. मी आयुष्यात पहिल्यांदा काष्टा नेसले होते, तोही अकरा सेफ्टीपिना लावून, त्यामुळे चाल बदकाची. आदल्या दिवशी आरशासमोर मी म्हणे बंडखोर होते. पडदा वर गेला आणि बंडखोर बाई आरशातच राहिली. काळ्या आईचं भाषण पहिल्या ओळीतच विसरले. कोणालाही काही कमी जाणवलं नाही, हा त्या भाषणावरचा सगळ्यात खरा अभिप्राय.

मग भाई तलवार घेऊन आत आले. मागे दोन शिपाई. कोपऱ्यात साहेब, अंगावर वाघ. मी केरसुणी खाली ठेवली, पदर नीट केला आणि हात जोडून म्हटलं, "अहो, उठता का जरा? आपल्याला त्रास नसेल तर गोठा झाडायचा होता."

भाई दाराकडे वळलेले, ते तिथेच थांबले. "गड्याला 'अहो'? 'आपल्याला'? ह्या घरात गडी कोण नि मालक कोण?" आणि शिपायांना म्हणाले, "ह्योच राजा. धरा."

शिपायांना खरंच काही सांगितलेलं नव्हतं, पण सरदाराचा हुकूम तो हुकूम. त्यांनी साहेबांचे दंड पकडले. पहिल्या रांगेत हे बसले होते, त्यांचा चेहरा मला दिसला आणि मी लगेच दुसरीकडे पाहिलं. नाटक संपायला अजून अर्धा तास होता आणि राजा मरत होता. साहेब माझ्याकडे झुकून कुजबुजले. वर टांगलेला माइक त्यांनीच दिलेला, उत्तम प्रतीचा. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"वहिनी, अहो नको. अरे म्हणा. अरे म्हणा ना."

मागच्या खुर्च्यांतून आधी एक शिट्टी आली, मग हसण्याचा लोंढा. मी घाई केली नाही. शिपाईदादा, सकाळपासून लोळतोय, म्हणून टोमणा मारून उठवत होते, असं मी भाईंना समजावलं. मग केरसुणी साहेबांच्या हातात दिली आणि कुठून आला देव जाणे, असा आवाज लावला. "अरे ए ऐतखाऊ, ऊठ. गोठा काय तुझा बाप झाडणार?"

साहेबांनी गोठा झाडला. भाईंनी दोनदा कोपरा दाखवला, तोही झाडला. राजा वाचला.

मला पश्चात्ताप झाला का? आजही नातवंडं विचारतात. नाही झाला. गोष्टीतल्या बाईनं जे शब्द वापरून माणूस वाचवला, तेच शब्द मागून घ्यायला गोष्टीतल्या राजाला लाज वाटली नाही. मग सांगणारीनं का वाटून घ्यावी? पण हे घरी दोन आठवडे माझ्याशी फक्त मीठ आण, पाणी आण एवढंच बोलत होते, हेही खरं.

सही झाली. पाठोपाठ बदलीही झाली. यांचं टेबल रास अल खोरच्या एसी ऑफिसातून उचलून हमरिया फ्री झोनमधल्या नव्या यार्डात टाकलं. तिथे तेव्हा वाळू, कुंपण आणि एक पत्र्याची पोर्टा केबिन. साहेब दुबईत राहायचे, त्यांच्या हिशेबी हमरिया म्हणजे जगाचं टोक. अजमानहून ते हाकेच्या अंतरावर आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तोंड पाडून हो म्हणा, आणि बाहेर येईपर्यंत हसू नका, असं मी यांना बजावून पाठवलं होतं.

नव्या जागेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळचा चहा टाकायच्या आधीच बेल वाजली. एरवी या वेळी हे त्या शारजाच्या सिग्नललाही पोचलेले नसायचे. मी दार उघडलं. बूट वाळूनं भरलेले, शर्ट घामानं भिजलेला, आणि चेहऱ्यावर दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसू.

"अरे, आलास पण?" मी म्हटलं.

यांनी मागे वळून जिन्यात पाहिलं, अरे कोणाला म्हटलं ते बघायला.