नख अडलं की थांबायचं

कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी तिच्यावर उजव्या अंगठ्याचं नख फिरवायचा. चहाचा कप असो, नव्या बिल्डिंगचा गिलावा असो, देवळाचा उंबरा असो. "नख अडलं की थांबायचं, आबा. तिथं काहीतरी हाय," असं मला म्हणायचा.

सगळी नोकरी त्यानं चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला काढली. कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासायचे आणि बाद मालावर लाल खडूनं फुली मारायची, हे त्याचं काम. म्हणून आपण सगळे त्याला इन्स्पेक्टर म्हणायचो. मूळचा बीडकडचा. आपल्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत आला, तो रिटायर झाल्यावरही गेला नाही. पोरं चेष्टा करायची, म्हणायची, बायको करतानाही यानं नख फिरवून बघितलं असणार. तो म्हणायचा, "नाही ना. तिनंच मला पास केलं."

वेशीतला आपला वीर तुम्ही ओळखता. लढाईत पडलेल्या कुणाचा तरी दगड. त्याला शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. आज्यानं लावला, बापानं लावला, मी लावतो. तेल आणि शेंदूर, थरावर थर, इतके की आत वीर आहे की नुसता गोळा हे कळत नव्हतं. एक दिवस इन्स्पेक्टरनं खालच्या कडेला नख फिरवलं आणि तो तिथंच बसला. मला बोलावून म्हणाला, खाली अक्षरं आहेत, शेंदूर काढू द्या.

"असतील," मी म्हणालो. "देव खरवडायचा न्हाई."

वर्षभर तो माझ्या ओट्यावर येत राहिला, मी वर्षभर नाही म्हणत राहिलो. मग रस्ता रुंद करायची मोजणी झाली आणि वीर नेमका त्या रेषेत आला. तेव्हा गावाला जाग आली. इतिहास समिती निघाली, फलक लागले. मान आमचा म्हणून अध्यक्ष मी. पुराणवस्तू खात्याचे साहेब म्हणाले, अक्षरं वाचता आली तर दगड जागेवर ठेवा असं लिहिता येईल, शेंदराच्या गोळ्यावर काय लिहू? मग मी हो म्हणालो.

इन्स्पेक्टर गोडं तेल लावून शेंदूर भिजवायचा, बांबूच्या कामटीनं सुपारीएवढा तुकडा सोडवायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. दिवसाकाठी तळहाताएवढं काम. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. म्हणायचो, अशानं साहेब रिटायर होतील. तो म्हणायचा, "दगडाला घाई नाही, आबा."

एकदा त्यानं माझं बोट धरून एका अक्षरावरून फिरवलं. उभी रेघ आणि तिच्या पोटाशी वळण. कुठलं अक्षर ते त्यालाही माहीत नव्हतं. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. कुणीतरी पाटीवर गिरवून घेतंय असं वाटलं. मी हात काढून घेतला.

साहेब सोमवारी येणार असा निरोप आला, तेव्हा इन्स्पेक्टर मुलीच्या बाळंतपणासाठी बीडला होता. अर्धी ओळ अजून शेंदराखाली. फोनवर म्हणाला, तारीख पुढं घ्या, मी आल्याशिवाय हात लावू नका. मला राग आला. मान माझ्या घरचा, आणि हात लावू नका हे मला हा सांगणार.

माझ्या भाच्याचं भोसरीला ब्लास्टिंगचं शेड आहे. गंजलेलं लोखंड वाळूच्या फवाऱ्यानं चांदीसारखं करून देतो. शनिवारी मी त्याला मशीन टेम्पोत घालून आणायला लावलं.

"मामा, दगडावर कधी मारलं न्हाई."

"लोखंडाचा गंज निघतो, मग शेंदूर का न्हाई? मार."

चहा होईपर्यंत काम झालं. दगड नवा कोरा. नारळ फुटला, फोटो निघाले. फोटोत मी हसतोय. वीराला नाक उरलं नव्हतं, ते मला दिसलं होतं. अक्षरांची पट्टीही गुळगुळीत दिसली. जवळून बघितलं की दिसतील, अशी मी मनाची समजूत घातली आणि जवळ गेलो नाही.

रविवारी इन्स्पेक्टर आला. बॅग अजून खांद्यालाच होती. खाली बसून पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नख नेलं. पुन्हा नेलं. माझ्याकडं न बघता विचारलं, "कुणी केलं?"

"समितीनं," मी म्हणालो.

त्यानं फडकं काढलं आणि दगड पुसत बसला. पुसायला काही नव्हतं.

सोमवारी साहेबांनीही तेच विचारलं. नारळ फोडणारे सगळे तिथंच उभे होते. भाचा माझ्याकडं बघत होता, मी काठीच्या मुठीकडं. इन्स्पेक्टर पुढं झाला. म्हणाला, "माझ्याकडून झालं, साहेब. सफाईचं काम माझ्याकडं होतं." त्याच्या मोबाइलवर अर्ध्या ओळीचे फोटो होते. साहेबांनी बघितले, म्हणाले, एवढ्यावरून अर्थ लागत नाही.

मी बोललो नाही म्हणून कुणीच बोललं नाही. आठ दिवसांत गावाचं असं ठरलं की बाहेरच्या माणसानं देव खरवडला. ज्यांच्या हातात नारळ होता तेही तसंच सांगू लागले. घरमालकानं खोल्या मागितल्या. जायच्या दिवशी तो माझ्या ओट्यावर आला. तो शिवी देईल, याची मी वाट बघत होतो. त्यानं चहा घेतला, कपावर नख फिरवलं. "कपाला चीर हाय, आबा. बदला." एवढंच बोलला. गेल्या साली त्याच्या मुलीचा फोन आला, तो वारला.

रस्ता झाला. वीर आता नव्या सोसायटीच्या गेटाशेजारी सिमेंटच्या चौथऱ्यावर आहे. समिती गावच्या इतिहासाचं पुस्तक काढतेय. वीराचं पान मी नातसुनेकडून वाचून घेतलं. सफाईच्या वेळी बाहेरगावच्या एका इसमाच्या चुकीमुळं अक्षरं गेली, असं त्यात आहे. मी समितीवाल्यांना म्हणालो, हे बदला. ते म्हणाले, पान छापायला गेलं, आणि आबा, तुमचं नाव कशाला खराब करायचं? म्हणून हे मी माझ्या हातानं लिहिलं. चार दिवस लागले. त्या पानाशेजारी हे लावा, नाहीतर पुस्तकातला माझा फोटोही काढून टाका. अक्षरं मी घालवली.

जत्रेला शेंदूर अजून मीच लावतो. लावायच्या आधी पट्टीवरून नख नेतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती उभी रेघ जिथं होती, तिथं बोट आपोआप थांबतं. नख अडत नाही.