गाऱ्हाण्यातला खोकला

पावसच्या अलीकडे आमची वाडी आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली की वाडीच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा, सगळ्यांसाठी देवाकडे मागणं मागायचा मान आमच्या घराकडे असतो. वडिलांनंतर तो माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे आला. गाऱ्हाणं मध्येच तुटू नये, एवढीच अट. तुटलं तर लोक अपशकुन मानतात आणि पुढच्या वर्षी दुसरा माणूस उभा करतात.

गणपतीनंतर दादाला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दाब आटोक्यात आला. दिवाळीनंतर मात्र कोरडा खोकला लागला. ताप नाही, कफ नाही. घशात कुसळ अडकल्यासारखी ढास, आणि बोलायला लागलं की जास्त. नेमकी त्याच सुमारास आंब्याच्या कलमांवर फवारणी सुरू होते. त्या दिवसांत कोणी खोकलं तर आमच्याकडे कारण शोधत नाहीत. ‘औषध लागलं’ म्हणतात. औषध म्हणजे फवारणीचं. दादाने पंप गड्याच्या हाती दिला, नाकाला फडकं बांधलं, शेवटी बागेत जाणंच सोडलं. अडुळशाचा काढा झाला. खोकला तसाच राहिला. सकाळची गोळी तो न चुकता घेत होता.

शिमगा जवळ आला तेव्हा मी रत्नागिरीहून घरी गेलो होतो. शेजारचे तात्या पडवीत येऊन बसले.

“यंदा दुसऱ्या कोणाला उभं करूया काय? देवासमोर ढास लागली तर?”

“बघू,” दादा म्हणाला, आणि खोकला.

“बघतायत कधीपासून,” वहिनी आतून म्हणाली. “डॉक्टरला दाखवा म्हणून माझा घसा बसला.”

दुसऱ्या दिवशी मी दादाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि गोळी कधीपासून घेता ते विचारलं. या जातीच्या गोळीने काहींना असा खोकला येतो, असं सांगून त्यांनी वेगळी गोळी लिहून दिली. खोकला लगेच थांबणार नाही, काही आठवडे जातील, हेही सांगितलं. शिमगा त्याआधी होता.

तात्यांनी उपाय काढला. “पालखी जाईपर्यंत गोळीच नको घेऊ. कुठलीच. देवाचं काम आहे.”

“देवाचं काम करायला माणूस उभा हवा ना, तात्या,” दादा म्हणाला. त्याने नवी गोळी त्यांच्यासमोरच घेतली.

पुढचे दिवस तो फारसा बोलला नाही. सकाळी परसात नारळाखाली उभा राहून ओठांतल्या ओठांत काही म्हणे, थांबे, पुन्हा म्हणे. पाठांतर चाललं असेल असं मला वाटलं.

पालखी आली. दादाचं गाऱ्हाणं नेहमी एका दमात चालतं: वाड्या, बागा, होड्या, गुरंढोरं, मुंबईला गेलेले, सगळं एका लांब वाक्यात, मग लोकांचं एकदाच “होय महाराजा”. त्या दिवशी त्याने वाक्याचे तुकडे केले. “बा देवा महाराजा, खालच्या वाडीची राखण कर.” थांबला. लोक क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, “होय महाराजा.” त्या आवाजाखाली दादा खोकून घेत होता. “बागेत मोहोर टिकू दे.” “होय महाराजा.” “होडी सुखरूप बंदराला लागू दे.” तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून लोकांना खूण कळली. त्याचे खांदे हलले रे हलले की सगळ्यांत मोठा आवाज तात्यांचा येई. मुंबईकरांसाठी बोलताना ढास अर्ध्या शब्दावरच आली. तात्या तिथेच “होय महाराजा” म्हणाले आणि वाडीने ते उचललं. दादाने शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला. एकही नाव गळलं नाही. गाऱ्हाणं तुटलं नाही.

मी सभा-समारंभांतली पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. स्वतःच्या श्वासाचा इतका अचूक अंदाज बांधून बोलणारा दुसरा माणूस मला आठवत नाही.

पालखी पुढे निघाल्यावर तात्या दादाजवळ आले.

“दर वर्षी असंच तोडून बोल. तू मागतोस काय, ते आज पहिल्यांदा कळलं.”

“पुढल्या वर्षी नाय कळणार,” दादा म्हणाला. “तोवर खोकला जाईल.”