आत्याच्या होडीचा कार्बोरेटर

आत्याचा फोन आला तेव्हा मी एका स्कूटरच्या मागच्या चाकाशी झटत होते. राहुरीत आमचं दुचाकींचं गॅरेज आहे, नवरा आणि मी मिळून चालवतो. लग्नानंतर सुरुवातीला मी नुसता चहा घेऊन यायचे. मग पाने हातात द्यायला लागले. मग एकदा नवऱ्याने माझ्यापुढे एक कार्बोरेटर, म्हणजे इंजनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, ठेवला आणि म्हणाला, "तुझी बोटं बारीक आहेत, बघ ही सुई निघते का." ती निघाली, आणि तेव्हापासून कार्बोरेटरचं काम माझ्याकडे आलं. आता नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच. कुणाची जुनी मोटारसायकल आली तरच तो हातात येतो, आणि आला की मला अजून बरं वाटतं.

"पोरी, इंजान खोकतंय," आत्या फोनवर म्हणाली. "सुरू हुतंय, पन रेस दिली की मरतंय. आनि पेट्रोल गळतंय. सगळी होडी वास मारती."

"होडीचं इंजन मी कधी उघडलं नाही, आत्या."

"गाडीचं उघडतीस न्हवं? ह्यालाबी कार्बेटरच हाय. उद्या सकाळी ये. कांदा लावायचा हाय पलीकडं, बाया सांगून ठेवल्यात."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचं गाव मुळा धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. घर अलीकडच्या काठावर आणि बरंचसं रान पलीकडच्या. सडकेने जायचं तर एवढा वळसा पडतो की निम्मा दिवस त्यातच जातो. म्हणून आमच्या मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, कुठूनसं हे जुनं इंजन आणून होडीच्या मागे टांगलं होतं. मामा गेल्यावर लोकांना वाटलं, आता होडी काठावर वाळत पडणार. आत्याने पदर खोचला, इंजनाची दांडी धरली आणि दुसऱ्या आठवड्यात पलीकडे जाऊन जनावरांचा चारा घेऊन आली.

सकाळी मी पोचले तेव्हा कांद्याचं रोप उपटून झालं होतं. जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून लिंबाखाली ठेवल्या होत्या. लावणीच्या बायका तिथंच बसल्या होत्या. उपटलेलं रोप फार वेळ थांबत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी मला घाई करत नव्हतं, पण सगळ्यांची नजर माझ्या पिशवीवर होती.

आत्याने आणि मी इंजन होडीवरून उतरवलं आणि ओसरीसमोर गोणपाटावर आडवं ठेवलं. टाकीत थोडं पेट्रोल होतं, ते सांडू नये म्हणून मी टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू घट्ट आवळला. मग कार्बोरेटर सोडवला. मुठीत मावेल एवढा होता, आमच्या मोटारसायकलींच्या कार्बोरेटरचा थोरला चुलता वाटावा असा. आत्याने पितळी परात आणून दिली. त्यात मी एकेक भाग मांडत गेले.

खालची वाटी उघडली तर तळाला मधासारखा चिकट, पिवळा थर. जुनं पेट्रोल साचून राहिलं की असा थर होतो. त्यातच मेन जेट बसलेला. हा पितळेचा एक बारका स्क्रू असतो, आणि त्याच्या मधोमध आरपार भोक. इतकं बारीक की सुईही जात नाही, आणि घालूही नये, भोक मोठं होतं. मी तो स्वच्छ पेट्रोलमध्ये भिजवला, पुन्हा पुन्हा फुंकला, पंपाने हवा मारली. मग डोळ्याजवळ धरून सूर्याच्या दिशेला वळवला. काहीच दिसेना. पुन्हा भिजवला, पुन्हा हवा मारली. आणि मग अंधारात अचानक एक ठिपका उमटला. पांढरा, गोल, टाचणीच्या टोकाहूनही लहान.

"बघ," म्हणून मी तो आत्याच्या हातात दिला. तिने एक डोळा मिटला.

"आगं बया," ती हळूच म्हणाली. "एवढ्याश्या भोकातनं माजी होडी चालती?"

मी कितीतरी जेट साफ केले असतील, पण मला तसं कधी वाटलं नव्हतं. ती म्हणाली आणि मला ते पहिल्यांदा दिसलं. पाचसात माणसं, खताच्या गोण्या, दुधाच्या किटल्या, हे सगळं पाण्यावरून ओढून नेणारी ताकद या ठिपक्यातून जात होती.

जेट मोकळा झाला, पण गळती का होती ते कळायचं होतं. मी फ्लोट काढला. पितळी पत्र्याची पोकळ डबी. वाटीत पेट्रोल भरलं की ही तरंगते, वर येते आणि सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करते. ती कानाशी धरून हलवली तर आत डुचमळलं.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"फ्लोटला कुठंतरी चीर गेलीये. आत पेट्रोल शिरलंय, त्यामुळे हा तरंगत नाही. म्हणून वाट बंद होत नाही."

"म्हंजी ज्यानं तरंगायचं त्योच पिऊन बसला!" आत्या म्हणाली आणि लिंबाखालच्या बायका खदखदून हसल्या.

नवा फ्लोट कुठे मिळणार? असली इंजनं बनायची केव्हाच बंद झाली आहेत. मी आत्याला पाणी तापवायला सांगितलं, आणि ते चुलीपासून लांब, उघड्यावर आणून ठेवायला लावलं. कढत पाण्यात फ्लोट चमच्याने दाबून धरला. थोडा वेळ काही नाही. मग सांध्याजवळून एक बुडबुडा सुटला. त्यामागे दुसरा, मग मण्यांच्या सरीसारखे एकामागून एक. डोळ्यांना न दिसणारी चीर पाण्याने बोटाने दाखवावी तशी दाखवली. मी तिथे खिळ्याने खूण केली. ऊब लागली तसं आतलं पेट्रोल स्वतःच त्या चिरेतून बाहेर पडत गेलं. वास पार जाईपर्यंत फ्लोट उन्हात ठेवला, मग सोल्डरची बंदूक ओसरीतल्या बोर्डाला लावून चिरेवर कथलाचा बारीकसा थेंब दिला. जास्त देऊन चालत नाही, फ्लोट जड होतो आणि पेट्रोलची पातळी चुकते.

तो थंड होत होता तेव्हा आत्या परातीशी उकिडवी बसून एकेक तुकडा न्याहाळत होती.

"मला एक सांग," ती म्हणाली. "पेट्रोल खाली वाटीत. इंजनात जायचं तर वर चढाया पायजे. चढवतं कोन त्याला? पंप तर दिसंना कुटं."

मी सांगायला गेले आणि अडखळले. हवा जोरात जाते, दाब कमी होतो, असं काहीतरी बोलले. आत्याने मान हलवली, पण तिला पटलं नाही हे दिसत होतं. मी परसात गेले, पपईच्या पानाचा देठ तोडला, तो पोकळ असतो, आणि त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा पाण्याच्या पेल्यात उभा धरला. दुसरा आत्याला दिला, पहिल्याच्या वरच्या तोंडाशी आडवा धरायला.

"फुंक जोरात."

"पान्यात?"

"पाण्यात नाही. पाण्याच्या वरून, सरळ समोर."

आत्याने गाल फुगवून फुंकलं. उभ्या देठातून पाणी वर चढलं आणि बारीक तुषार होऊन समोर बसलेल्या बाईच्या तोंडावर उडालं. ती बाई किंचाळली. आत्या हसली नाही. तिने पेल्यात पाहिलं, देठाच्या तोंडात पाहिलं, मग पुन्हा फुंकलं. पुन्हा तुषार.

"खालनं कुनी ढकललं न्हाई," ती म्हणाली. "वरनं कुनी वढलं न्हाई. मी तर दुसरीकडंच फुकतीय."

"तसंच आहे ते."

"मग पानी का आलं?"

मला शाळेतलं उत्तर येत होतं. तरीही तिच्या हातातला तो ओला देठ बघताना माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हे माझ्या बोटांखाली रोज घडत होतं आणि मी त्याला नुसतं 'साफ करणं' म्हणत होते. बायका एकेक करून आल्या. प्रत्येकीने फुंकून पाहिलं. रोपाची आठवण काही क्षण कुणालाच राहिली नाही.

वाटीचं जुनं पॅकिंग भुगा झालं होतं. जाड पॅकिंगचा कागद मी पिशवीत आणला होता. तो वाटीच्या काठावर धरून हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत गेलं की कागद नेमका त्या आकारात कापला जातो. सगळं बसवलं. पेट्रोल सोडलं आणि खालून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

इंजन होडीवर चढवलं, आत्याने टाकी भरली. चालू करायची दोरी ओढली; पहिल्या ओढीला काही नाही. दुसरीला एक खोकला आणि पांढरा धूर. मग ते लागलं. मी कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर करत होते आणि आत्या कान देऊन उभी होती. एका जागी तिने हात वर केला. "हां. ऱ्हाऊ दे तितंच. तुजे मामा असताना असंच वाजायचं."

बायका बसल्या, मावल्या तेवढ्या जुड्या मधोमध रचल्या. आत्याने रेस दिली आणि होडीचं नाक वर उठलं. थंडीचे दिवस होते, धरण भरलेलं. काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले चांदवे पक्षी आमच्या पुढे पाण्यावरून पळत सुटले आणि पळता पळता उडाले. मी इंजनावर हात ठेवून बसले होते.

अर्ध्या पाण्यात आवाज बारीक झाला. खोकला, आणि बंद.

एकदम इतकी शांतता झाली की होडीखालून लपलपणारं पाणी ऐकू यायला लागलं. आत्याने दोरी ओढली, इंजन लागलं नाही. फ्लोट अडकला असेल? सोल्डर निघाला असेल? मी वाटीखालचा स्क्रू सैल केला. पेट्रोलचा थेंबही आला नाही. टाकी मात्र भरलेली, हलवली तर जड.

"पेट्रोल खाली उतरतच नाहीये," मी म्हणाले.

"का उतरत न्हाई?"

तिने विचारलं आणि माझं लक्ष टाकीच्या झाकणाकडे गेलं. सकाळी आवळलेला तो बारका स्क्रू तसाच घट्ट होता. बाहेरची हवा आत यायला वाटच नव्हती, आणि हवा आत आल्याशिवाय पेट्रोल खाली जाणार कसं? मी स्क्रू ढिला केला. 'सुस्स' करून टाकीने हवा आत ओढली. पत्र्यावर ठेवलेल्या माझ्या तळव्याला ती ओढ कळली.

"ह्यो आवाज कशाचा?" एका बाईने घाबरून विचारलं.

"हवा गेली आत," आत्या म्हणाली. आजूबाजूला चहूकडे मोकळं पाणी, वर आभाळ, आणि त्या सगळ्यातली हवा एका स्क्रूच्या फटीतून आत शिरत होती. आत्या क्षणभर वर बघत राहिली. मग म्हणाली, "हिचं वजन न्हाई, रंग न्हाई. आनि हिच्यावाचून पेट्रोलबी हलंना."

वाटी भरायला मी थोडा वेळ दिला. पुढच्या दोरीला इंजन लागलं.

पलीकडच्या काठावर बायका भराभर उतरल्या आणि जुड्या घेऊन वाफ्यांकडे गेल्या. पाणी सोडलेलं होतं, चिखल तयार होता. राहिलेलं रोप आणायला आत्या एकटीच माघारी निघाली. मी बायकांमागे जाऊन साडी खोचली आणि वाफ्यात वाकले. कितीतरी वर्षांनी कांदा लावत होते. हातांना पेट्रोलचा वास येत होता, रोपाच्या मुळ्यांना मातीचा. शेजारची बाई म्हणाली, "दाट लावू नको गं, चार बोटं सोड." मी चार बोटं सोडून लावायला लागले. पाठीमागे पाण्यावरून इंजनाचा आवाज लांब लांब जात होता, मध्ये कुठेही न तुटता.