मोरीतलं राणी रंगाचं पाणी

काल नवी साडी भिजवली, तिचा रंग सुटला, आणि राणी रंगाचं पाणी मोरीत धावताना पाहून कानडी मुलखातल्या हूटगळ्ळीची ती सकाळ आठवली. तिथल्या नव्या कारखान्यांसाठी सांडपाण्याची लाइन मी आखली होती. पाणी नेमकं शुद्धीकरणाच्या टाकीत जातं की पावसाच्या गटारातून तळ्यात, हे वरून रंग ओतून पाहायचं होतं. रंग कालवून आणला अण्णांनी, माझ्या वडिलांनी. आमचं घराणंच रंगाऱ्यांचं. रंगीत पाणी गटारात सोडतात म्हणून गल्लीनं त्यांना जन्मभर शिव्या घातल्या होत्या. वरच्या चेंबरमध्ये त्यांनी स्वतः बादली उपडी केली आणि मी चपला हातात घेऊन उतारानं टाकीकडे पळत सुटले. तळं स्वच्छ होतं, पण टाकीतही काही येईना! साहेब, मजूर, आम्ही सगळे पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिलो. मागून धापा टाकत अण्णा आले, वाकले आणि आधी कानडीत, मग मराठीत ओरडले, "बंतु, बंतु! आलं गं, आलं!" राणी रंग भसाभसा टाकीत कोसळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णा बावचळून म्हणाले, "माझ्या रंगाच्या पाण्याला टाळ्या?" काल मोरीपाशी मीही एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले.