बाईले सोसेल अशी सिगार

नांदुऱ्याच्या बाजारात फकीर मोहम्मदचा पानठेला पस्तीस वर्षांपासून एकाच लिंबाखाली उभा आहे, आणि माणूस असा हेकट, की तुम्ही मागाल ते पान तो देईलच याची खात्री नाही. आधी तुमच्या तोंडाकडं पाहील. सकाळी काय खाल्लं ते विचारील. एखाद्या नवशिक्यानं ऐटीत कडक जर्दा मागितला, तर त्याच्या हातावर गुलकंदाचं गोड पान ठेवून म्हणेल, हे खा अन् घरी जा. गिऱ्हाईक चिडतं, पुढच्या बाजारी पुन्हा तिथंच येतं. माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाले घेरी आली नाही, हे तो इतक्यांदा ऐकवतो की ऐकूनच माणसाला घेरी यावी.

ठेल्याला लागून मंजुळाबाई बसते. वडनेर भोलजीची, पासष्टी ओलांडलेली. बाजाराच्या दिवशी मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन यायचं, पोतं अंथरायचं आणि दिवसभर फकीर मोहम्मदशी भांडायचं, हा बावीस वर्षांचा नेम. लोकांच्या तोंडाचं वाटोळं करतो म्हणून ती त्याला बोलते. मेथीपेक्षा पाणीच जास्त विकते म्हणून तो तिला बोलतो. दुपारी मात्र तिची भाकर आणि त्याचा चहा एकत्र होतो. बाईनं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही.

तर मे महिन्यातल्या एका बाजारी ही बाई पोतं न अंथरता सरळ ठेल्यापुढं उभी राहिली आणि पिशवीतून सातबारा काढला. दोन एकर वावर. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ते एकट्या दीर रंगरावच्या नावावर होतं. आता कुठं वाटणी झाली, फेरफार झाला, आणि कागदावर तिचं नाव आलं. फकीर मोहम्मदनं चष्मा लावून ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं चहाऐवजी लस्सी मागवली.

लस्सी पिऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "फकीरभाऊ, मले एक सिगार पायजे."

मग तिनं सगळं सांगितलं. नवी नवरी असताना ती एका बड्या असामीच्या वावरात निंदायला जायची. मालक बांधावर, आमच्याकडं ज्याला धुरा म्हणतात तिथं, खुर्ची टाकून सिगार पेटवायचा. ती विझेपर्यंत एकाही बाईनं कंबर सरळ करायची नाही, असा त्याचा कायदा. तेव्हा एकदा ही सोबतिणींना बोलून गेली होती, की माझं सोताचं वावर झालं की मी बी धुऱ्यावर बसून अशीच एक ओढीन. सगळ्या फिदीफिदी हसल्या होत्या. त्यातल्या ज्या हयात आहेत त्यांना तिनं येत्या सोमवारी वावरात बोलावलं होतं. रंगरावही येणार होता. बाई पहिल्याच झुरक्याला आडवी पडते, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. भर सभेत ठसका लागला, घेरी आली, तर वावराचं कौतुक राहिलं बाजूला, जन्मभर त्याच गोष्टीवर हसणार लोक.

"मले सोसेल अशी दे," ती म्हणाली. "तुले समजते त्यातलं."

त्याला काय डोंबल समजत होतं! बिडी, जर्दा, किवाम तोंडपाठ. सिगार त्यानं कधी विकलीही नव्हती. पण बावीस वर्षांनी बाईनं पहिल्यांदा काही मागितलेलं, नाही म्हणायला जीभ उचलेना. फिकर नको, म्हणाला.

त्याचा पुतण्या मोईज माल आणायला पुण्याला गेलेला होता. त्याला फोनवर सांगितलं, तर त्यानं तीन सिगारी आणल्या, एक बारीक नि काळी, दोन जाड नि फिक्या. सौम्य कोणती ते दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, पण हा पठ्ठ्या गाडीच्या घाईत विसरला. आता बारीक म्हणजे सौम्य, हे कोणीही सांगेल. फकीर मोहम्मदलाही तसंच वाटलं. पण स्वतः चाखल्याशिवाय द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं. घरामागं बसून त्यानं ती बारीक पेटवली आणि बिडीसारखी छातीत ओढली. चौथ्या झुरक्याला लिंब, भिंत, कोंबड्या, सगळं गरगर फिरायला लागलं. नूरजहांनं, त्याच्या बायकोनं, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि या वयात हे धंदे शोभतात का, इथून सुरुवात करून ती सासऱ्यांपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून त्यानं एक जाड सिगार घेतली. अडकित्त्यानं टोक कापलं, धूर नुसता तोंडात घोळवला नि सोडला. भाजल्या शेंगदाण्यासारखा वास. अर्धी ओढून विझवली आणि बराच वेळ बसून राहिला. डोकं जागच्या जागी. झालं तर! जाडच सौम्य निघाली. भाकर खाऊन ओढायची आणि धूर छातीत न्यायचा नाही, असा निरोप त्यानं लगेच वडनेरला धाडला.

इथवर सगळं ठीक होतं. पण तीही शेवटी तंबाखूची पानंच की, आणि उन्हाळ्यात पान कसं जपायचं हे पानवाल्याला कोणी शिकवावं? उरलेली नवी सिगार त्यानं कपुरी पानांबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ प्रेमानं पाणी शिंपडलं. सोमवारी सकाळी उघडली तर चहात बुडालेल्या पावासारखी फुगलेली, वरचं पान उभं फाटलेलं. उन्हात ठेवली तर आणखी उकलली. नूरजहां हसत सुटली.

तशीच ती खिशात घालून त्यानं वडनेरची जीप धरली. वावरात धुऱ्यावर बाभळीखाली सहा-सात म्हाताऱ्या, मधे नवं लुगडं नेसलेली मंजुळाबाई, आणि बाजूला बिडी ओढत रंगराव. फकीर मोहम्मदनं खिशातून ते फुगलेलं लाकूड काढून तिच्यापुढं धरलं. "मी माती खाल्ली, बाई," म्हणाला, आणि सगळ्यांदेखत सगळं सांगून टाकलं. रंगराव तर मांडीवर थाप मारून हसला.

"अन् दुसरी जाड?" तिनं विचारलं.

दुसरी त्याच्या दुसऱ्या खिशात होती. अर्धी. आणली खरी, पण काढायची लाज वाटत होती. "थे मी ओढलेली हाय. उष्टी हाय," तो म्हणाला आणि अडकित्ता काढला. तोंडाकडचा भाग कापून देतो म्हणाला.

बाईनं त्याचा हात धरला. "काऊन ओढली होती तू?"

"तुले घेरी येते का, थे पाहाले."

ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लोकायचं उष्टं लय खाल्लं म्या, भाऊ. उरलं म्हणून देत होते. मले सोसते का हे पाहाले आधी कोणी सोता खाल्लं नाई. कापू नको. दे तशीच."

रंगरावचं हसू ओठातच राहिलं. तिनं सिगार ओठांत धरली, फकीर मोहम्मदनं काडी ओढली. धूर तोंडात घोळला, सुटला, बाभळीत गेला. ठसका नाही, घेरी नाही. सोबतिणींतल्या एकीनं डोळ्याला पदर लावला. पाच-सहा झुरके झाले तशी बाईनं सिगार त्याच्यापुढं केली, घे म्हणाली, आता तू.

ती आता तिची उष्टी होती. फकीर मोहम्मदनं ती घेतली, एक झुरका ओढला, आणि ठसका त्यालाच लागला. म्हाताऱ्या पोट धरधरून हसल्या. मंजुळाबाईनं स्वतःच्या वावरातल्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला.