दमणच्या वहीतली मुलगी

आईचं नाव लग्नात बदललं. आमच्याकडे तो रिवाजच होता. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. जुनं नाव कुठं जातं, याची चौकशी कोणी करत नसे. ती करायची पाळी पन्नास वर्षांनी माझ्यावर आली, आणि तीही पोर्तुगाल देशापायी.

आईचे वडील दोंडाईच्याचे शिंपी. तरुणपणी पोटासाठी दमणला गेले, तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. तिथंच त्यांनी शिलाईमशीन मांडली आणि आईचा जन्मही तिथलाच. ते राज्य गेल्यावर काही वर्षांनी आजोबा बिऱ्हाड घेऊन गावी परतले. याचं आम्हाला कधी कौतुक वाटलं नाही. मग माझ्या लेकीनं कुठंतरी वाचलं, की राज्य जायच्या आधी दमणला जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलांना, नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. लेक नर्स आहे, तिला युरोपात काम करायचंय. आधी आज्जी, मग तू, मग मी, असा हिशेब तिनं माझ्यापुढे मांडला. मी म्हटलं, "जळगावच्या पिंप्राळ्यात राहून पोर्तुगीज व्हायचं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

पण आई म्हणाली, "जाऊन बघू तरी."

दमणच्या कचेरीत जन्माची जुनी वही निघाली. कारकुनानं पानं उलटत उलटत एका नोंदीवर बोट ठेवलं. आजोबांचं नाव, शिंपीकाम, आणि मुलीचं नाव. आईनं चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही मी." ते नाव मला माहीत होतं, पण त्या नावाची कुणी बाई आमच्या घरात राहते असं कधी मनातच आलं नव्हतं.

आता खरी मेख. जळगावहून सोबत नेलेल्या वकिलानं आईचं आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक पाहिलं. सगळीकडे सासरचं नाव. तो म्हणाला, "वहीतली मुलगी आणि तुमची आई, कागदांवर या दोन वेगळ्या बायका आहेत."

माझं डोकं सटकलं. "अहो, माझी आई तुमच्यासमोर बसलीय."

"समोर बसून भागत नाही, ताई. कागदात बसायला पाहिजे."

मेल्याचं बोलणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. लग्नपत्रिका कुणी जपून ठेवली नव्हती. आई तिसरीपर्यंत जिथं शिकली, ती दमणची शाळाच उरली नव्हती. आम्ही परतीच्या गाडीत बसलो. जळगाव यायला आलं तेव्हा आई म्हणाली, "पोरीचं जाणं होईल न होईल. पण त्या वहीत मी आहे, हे मला सिद्ध करून पाहिजे."

त्या दिवसापासून घरात तोच एक विषय. लेकीचा पासपोर्ट मागे पडला. मला आईचं नाव पाहिजे होतं.

वकील म्हणाला, साक्षीदार आणा. नाव बदललं तेव्हा हजर असलेलं एकच माणूस आता हयात होतं, माझी धाकटी आत्या. बदललं तेही तिच्यामुळेच. तिचं आणि आईचं नाव एकच. आई लग्न होऊन आली तेव्हा आत्या चौदा वर्षांची. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, जेवली नाही. "हाई मन्हं नाव शे," हे नाव माझं आहे, एवढंच तिचं पालुपद. लाडकी बहीण ती. वडिलांनी तांदळात दुसरं नाव लिहून टाकलं. आईनं याचा राग पन्नास वर्षं तोंडानं कधी बोलून दाखवला नाही, पण आत्या आली की चहा मलाच करायला लावायची.

"तिच्या दारात मी जाणार नाही," आई म्हणाली.

मग मीच गेले, धुळ्याला, देवपुरात. भांडायच्या तयारीनंच गेले होते. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, उठली, पेटीतून शाळेचा दाखला काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर तेच नाव, पुढं माझ्या वडिलांकडच्या आजोबांचं. म्हणजे त्या घरात त्या नावाची मुलगी आधीच होती, म्हणून आईचं बदललं, याचा शिक्क्यासकट पुरावा. मी आनंदानं उडायचीच बाकी होते. तेवढ्यात ती दाखल्याकडे बघत म्हणाली, "चार वरीसमा मन्हं बी गयं."

तिच्याही लग्नात सासरच्यांनी नाव बदललं होतं. ज्या नावासाठी तिनं आईचं नाव घालवलं, ते तिच्याजवळही राहिलं नाही. मी तिला जन्मभर आत्या म्हणत आले, हे कधी विचारलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

शपथेवर जबाब द्यायला आत्या जळगावला आली. नोटरीच्या कचेरीत आई एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. टाइप करणाऱ्यानं लिहिलं, 'कौटुंबिक कारणास्तव नाव बदलले.' आत्यानं वाचायला लावलं आणि त्याला थांबवलं. "कौटुंबिक नही. मन्हा हट्ट, आस्सं लिखा." तो हसला. ती हसली नाही. शेवटी त्यानं तसंच लिहिलं, आणि आईनं पदर डोळ्यांना लावला.

पोर्तुगालच्या अर्जावर आईला माहेरच्या नावानं सही करायची होती. त्यासाठी तिनं आठवडाभर जुन्या कॅलेंडरच्या मागे गिरवलं होतं. तिकडचं नागरिकत्व आलं की इकडचं मत जातं, हे वकिलानं सांगितलं तेव्हा मात्र ती दोन दिवस अडून राहिली. एकही मतदान चुकवलेली बाई नाही ती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मतं पुष्कळ दिली. आता नाव घेते."

दीड वर्षानं लिस्बनहून कागद आला. वहीतली मुलगी आणि माझी आई एकच, असं एका अख्ख्या देशानं मान्य केलं. मी गल्लीत पेढे वाटले, वकिलालाही दोन जास्त दिले. लेकीनं माझे कागद भरायला घेतले आणि आज्जीला पोर्तुगीजमध्ये नमस्कार म्हणायला शिकवलं.

आत्या पहिल्या बसनं आली. परकी भाषा तिला वाचता येईना, म्हणून मी नावावर बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावरून स्वतःचं बोट फिरवलं. मग आईकडे वळली आणि पन्नास वर्षं 'वहिनी' म्हणणाऱ्या आत्यानं तिला त्या नावानं हाक मारली.

"काय गं?" आई म्हणाली, जणू रोजचीच हाक.

"आपल्या दोन्हीसपैकी एकीनं तरी नाव परत उनं," एकीचं तरी नाव परत आलं, असं म्हणून आत्या रडायला लागली.

आई उठली. स्वतः चहा टाकला, कप तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "एकीचंच का? तुझ्या नावाचा दाखला आहे ना पेटीत? गॅझेटमध्ये द्यायचं असतं, मग आधारवर बदलतं. कुठं कोणता कागद लागतो, मला आता सगळं पाठ झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या नावाच्या कामासाठी दोघी रिक्षा करून निघाल्या. मी पायात चपला सरकवत होते, तर आई म्हणाली, "तू कशाला? माझं काम आहे हे."